कॅड शिकायला किती पैसे लागतात?

"दादा, कॅडचा एखादा चांगला क्लास सांगा ना," अशी विचारणा गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्याकडे वारंवार होऊ लागली आहे. विचारणारे बहुधा आईवडील असतात. मुलगा आयटीआय झालेला असतो, मुलगी डिप्लोमा झालेली असते, आणि नोकरीच्या प्रत्येक जाहिरातीत 'कॅड येणे आवश्यक' ही ओळ ठाण मांडून बसलेली असते. त्या एका ओळीपायी कानातले मोडायचे, बचत गटाचे कर्ज काढायचे की गावाकडचा गुंठा विकायचा, इथपर्यंत घरात चर्चा गेलेली असते.

आम्ही पेशाने लेखाशाखेतील कारकून, शिक्षण बी.कॉम. यंत्राशी आमचा संबंध मिक्सर दुरुस्तीला टाकून येण्यापुरता. तरीही हा प्रश्न आमच्या दारी येतो, याचे कारण भोसरीजवळच्या आमच्या वस्तीतील अभ्यासिकेचा जमाखर्च आमच्याकडे आहे, आणि त्या अभ्यासिकेत चार मुलांनी क्लास न लावता कॅड शिकायला घेतले. तिघे टिकले, एक मध्येच सुटला. त्याचा जो काही हिशेब आहे तो जसाच्या तसा वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ज्यांना कॅड हा शब्दच नवा असेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. संगणकाच्या साहाय्याने नकाशा किंवा यंत्राचा भाग रेखाटणे म्हणजे कॅड. पूर्वी हे काम ड्रॉइंग बोर्डावर, टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपर घेऊन होत असे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी १९६३ साली 'स्केचपॅड' नावाचा कार्यक्रम तयार करून पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा काढून दाखविली, तेव्हा असा संगणक एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेलाच परवडत असे. पुढे १९८२ च्या डिसेंबरात ऑटोकॅड बाजारात आले आणि हे काम साध्या मेजावरच्या संगणकावर आले. आज भोसरीच्या एमआयडीसीत दोन मशीन टाकलेल्या पत्र्याच्या शेडमध्येसुद्धा कोपऱ्यात एक संगणक असतो, आणि त्यावर फिक्स्चरचे किंवा ब्रॅकेटचे चित्र उघडे असते. म्हणून ती जाहिरातीतली ओळ. ती उगीच घातलेली नाही.

आता पैशाचे. २०२४ च्या जूनमध्ये आमची धाकटी बहीण तिच्या मुलीला घेऊन आमच्याकडे आली. भाची मेकॅनिकल डिप्लोमा उत्तीर्ण. पण तिच्या पॉलिटेक्निकमध्ये तीन मुलांत एक संगणक, त्यामुळे माऊस हातात येईपर्यंत तास संपायचा. मुलाखतीला गेली की पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा, आणि तिथेच गाडी अडायची. शहरातील एका क्लासने 'मास्टर' नावाचा अभ्यासक्रम सांगितला होता, फी पासष्ट हजार. बहिणीने बचत गटातून चाळीस हजार उचलायचे आणि उरलेल्यासाठी कानातले ठेवायचे असे मनाशी ठरवूनच टाकले होते. फक्त आमचा होकार हवा होता.

आम्ही होकार दिला नाही, नकारही दिला नाही. दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून भाचीबरोबर त्या क्लासात गेलो. एका संगणकावर किती जण, असे विचारले. 'बॅचवर अवलंबून' असे उत्तर मिळाले. सॉफ्टवेअरचा परवाना अस्सल आहे का, असे विचारले; समोरच्या बाईंनी दुसऱ्या साहेबांकडे पाहिले. भिंतीवर नोकरीच्या शंभर टक्के हमीचा फलक होता. तीच हमी पावतीच्या मागे लिहून द्याल का, असे विचारल्यावर मात्र चहा येता येता थांबला. एकूण शिकवणी किती तासांची, याचे उत्तर ऐंशी तास. आम्ही तिथेच मनातल्या मनात भागाकार केला: तासाला आठशे रुपयांच्या वर. आमच्या बहिणीला अंगणवाडीत मदतनीस म्हणून महिन्याकाठी जे मिळते त्याच्याशी या आकड्याची तुलना वाचकांनीच करावी.

क्लास सगळेच वाईट असतात असे आमचे म्हणणे नाही. साच्यांचे डिझाइन किंवा तशीच एखादी विशेष शाखा शिकायची असेल, माणशी एक संगणक मिळत असेल आणि शिकवणारा स्वतः कारखान्यात राबलेला असेल, तर पैसे मोजावेत. परंतु सुरुवातीचे दोनशे तास कोणीही पैसे देऊन शिकू नयेत, या मतावर आम्ही आलो आहोत. ते तास केवळ हात बसण्याचे असतात, आणि हात कोणी दुसरा बसवून देत नाही.

मग आम्ही काय केले? मंडळाच्या बैठकीत शिल्लक निधीचा विषय होता. काही तरुणांचा आग्रह ध्वनिवर्धकाचा नवा संच घेण्याचा. आम्ही खजिनदार या नात्याने वही उघडली आणि मागील संचाच्या दुरुस्तीवर झालेला खर्च वाचून दाखविला. पुष्कळ वादावादी झाली, दोघे उठून गेले, अखेरीस दहा हजार रुपये जुन्या लॅपटॉपसाठी मंजूर झाले. उरलेला भार चार मुलांच्या घरांनी सारखा उचलायचे ठरले. खर्च असा झाला: मोठ्या कंपन्या जे लॅपटॉप चार-पाच वर्षांनी काढून टाकतात त्यांपैकी एक, आठ जीबी रॅमचा, १७,५०० रुपये. चाक असलेला माऊस ३५०. जुन्या बाजारातून रविवारी घासाघीस करून आणलेला व्हर्निअर कॅलिपर ४५०. अप्पा बळवंत चौकातून एन. डी. भट्ट यांच्या 'इंजिनिअरिंग ड्रॉइंग' या पुस्तकाची जुनी प्रत १८०. मोजपट्टीचा टेप १२०. पहिल्या आठ महिन्यांतल्या छपाईचे २४०. एकूण १८,८४०. दहा हजार वजा जाता माणशी २,२१० रुपये. सॉफ्टवेअरच्या नावापुढे आमच्या वहीत शून्य आहे, आणि ते शून्य कायदेशीर आहे.

माऊसबद्दल एक वाक्य जास्त लिहितो. लॅपटॉपच्या बोटाने घासायच्या पट्टीवर कॅड शिकायला बसू नये. चाक फिरवून चित्र लहानमोठे करणे आणि चाक दाबून सरकवणे या दोन हालचाली दर मिनिटाला लागतात. साडेतीनशे रुपये वाचवायला जाल तर मनगट दुखेल आणि मूल आठ दिवसांत कंटाळेल.

पहिला महिना आम्ही लॅपटॉप कपाटातच ठेवला. मुले चिडली. पण आमच्या वस्तीत निवृत्त टर्नर असलेले एक काका आहेत, तीस वर्षे लेथवर उभे राहिलेले, त्यांनीच ही अट घातली होती. "आधी कागदावर काढा. ज्याला कागदावर दिसत न्हाई त्याला काचंवर काय दिसणार?" त्यांनी मुलांना घरातल्या वस्तू आणायला लावल्या. दाराची कडी, स्टोव्हची जाळी, टिफिनचा डबा, नळाची चावी. प्रत्येकीचे समोरून, वरून आणि बाजूने असे तीन चेहरे काढायचे, माप व्हर्निअरने घ्यायचे. आपल्याकडे भारतीय मानकानुसार फर्स्ट अँगल पद्धत चालते, म्हणजे वरून दिसणारे चित्र समोरच्या चित्राच्या खाली येते. अमेरिकेतून आलेल्या नकाशात थर्ड अँगल असते आणि तेच चित्र वर जाते. नकाशाच्या कोपऱ्यातली कापलेल्या शंकूची छोटी खूण कोणती पद्धत ते सांगते. ती खूण न पाहता काम केले तर डावी बाजू उजवीकडे होऊन अख्खा जॉब भंगारात जातो. काकांनी असा जॉब भंगारात गेलेला पाहिला होता, त्यामुळे ते हा मुद्दा दर आठवड्याला सांगत.

पुस्तकांसाठी पैसे खर्चायचे नसतील तर चेन्नईची एक सरकारी संस्था आहे, तिला सगळे निमी म्हणून ओळखतात. ती आयटीआयची पुस्तके तयार करते, आणि केंद्र सरकारच्या भारत स्किल्स या संकेतस्थळावरून ती फुकट उतरवून घेता येतात. ड्राफ्ट्समन मेकॅनिकल आणि ड्राफ्ट्समन सिव्हिल हे दोन्ही ट्रेड आयटीआयमध्ये दोन-दोन वर्षांचे आहेत. ज्याला प्रवेश मिळत असेल आणि दोन वर्षे काढता येत असतील त्याने तो सरळ रस्ता धरावा, प्रमाणपत्रही मिळते. आम्ही लिहीत आहोत ते ज्यांची ती वेळ निघून गेली आहे त्यांच्यासाठी.

संगणकावर सुरुवात केली ती लिब्रेकॅडपासून. हे सपाट, म्हणजे दोन मितींचे रेखाटन करण्याचे मोफत सॉफ्टवेअर आहे. आकाराने लहान, जुन्या संगणकावरही पळते. पहिले काम म्हणून ज्याने त्याने आपली खोली मोजून तिचा नकाशा काढायचा. आमच्याकडच्या बहुतेक खोल्या दहा बाय बाराच्या, म्हणजे ३,०४८ बाय ३,६५८ मिलिमीटर. इथे नवशिक्या मुलांचा एक घोळ हमखास होतो. कागदावर लहान करून काढायची सवय असल्यामुळे ती संगणकावरही लहान करून काढू पाहतात. संगणकात वस्तू आहे त्याच मापाची काढायची असते. लहान करणे हे छापताना. एकास पन्नास प्रमाण लावले की तीच खोली कागदावर सुमारे ६१ बाय ७३ मिलिमीटरची होऊन ए-फोर कागदात आरामात बसते. भिंतीची एक रेषा काढून ती नऊ इंचांनी, म्हणजे सुमारे २३० मिलिमीटरने सरकवायची, की दुसरी रेषा तयार. या एका 'ऑफसेट' आज्ञेवर अर्धे घर उभे राहते. भिंती एका थरावर, दारे-खिडक्या दुसऱ्यावर, मापे तिसऱ्यावर. थराला लेअर म्हणतात. दहावीतल्या मुलीने चौथ्या दिवशी नकाशा पूर्ण केला. तिच्या आईने तो पाहून विचारले, "एवढीच आहे व्हय आपली खोली?"

त्यानंतर फ्रीकॅड. हे २००२ पासून जगभरच्या लोकांनी मिळून वाढवीत आणलेले तीन मितींचे सॉफ्टवेअर आहे. पुष्कळ वर्षे ते अपुरे म्हणून ओळखले जात होते. २०२४ च्या नोव्हेंबरात त्याची १.० आवृत्ती आली आणि वेगवेगळे भाग एकत्र जोडून पाहण्याची सोयही त्यातच झाली. विंडोजवर चालते, लिनक्सवर चालते. फुकट आहे ते एक महिना किंवा एक वर्ष फुकट अशा अर्थाने नाही. त्यावर काढलेले काम विकलेत तरी कोणी पैसे मागायला येत नाही.

फ्रीकॅडमध्ये आधी एक सपाट आकृती काढायची आणि तिला बंधने घालायची. समजा आयत काढला. तो आडवा-उभा आहे एवढे संगणकाला कळले, तरी लांबी, रुंदी आणि जागा ठरलेली नसते. तो अजून चार तऱ्हांनी हलू शकतो, आणि तसे पडद्यावर लिहूनही येते. लांबी दिली, रुंदी दिली, एक कोपरा पक्का केला, की आकृती हिरवी होते. हिरवी झाल्याखेरीज पुढे जायचे नाही, हा आमच्या अभ्यासिकेचा नियम. मग त्या आकृतीला जाडी द्यायची, तिच्यात भोक पाडायचे, खाच काढायची, कोपऱ्यांना गोलाई द्यायची. या क्रियांची इंग्रजी नावे पॅड, होल, पॉकेट, फिलेट, चॅम्फर. मुलांनी साठ-सत्तर शब्दांची वही केली, एका बाजूला पडद्यावरचा शब्द आणि दुसऱ्या बाजूला काकांचा. 'थ्रेड' पुढे आटे. 'पॉकेट' पुढे खाच. इंग्रजीची भीती जी म्हणतात ती या साठ शब्दांचीच असते.

आम्हाला स्वतःला यातले फारसे गम्य नव्हते. पण फ्रीकॅडमध्ये तक्त्याचीही सोय आहे, रकाने आणि ओळींची, आमच्या कचेरीतल्यासारखी. तक्त्यात 'जाडी' या घरात आठऐवजी दहा लिहिले की चित्रातला भाग दहाचा होतो आणि त्यावर अवलंबून असलेली सगळी मापे आपोआप बदलतात. हे पाहिल्यावर आम्हाला तेथे आपले घर सापडल्यासारखे वाटले. भाचीचे पहिले तक्ते आम्हीच मांडून दिले.

संगणकाची साधी ओळख नसलेल्या मुलांसाठी आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' या प्रकल्पाचे धडे उपयोगी पडतात. लिनक्स, लिब्रेऑफिस, ब्लेंडर अशा मोफत सॉफ्टवेअरचे हे छोटे छोटे धडे आहेत आणि त्यांतले पुष्कळ मराठीतही ऐकता येतात. त्यांची पद्धत आम्ही कॅडलाही लावली: अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्या पडद्यावर आपले काम, धडा थांबवायचा, तेवढे करायचे, मग पुढे. यूट्यूबवर हिंदी-मराठीत कॅडचे पुष्कळ पाठ आहेत. नुसते पाहून मात्र काही येत नाही. पोहण्याचे पाठ घरात बसून पाहिल्यासारखे ते होते.

एक संगणक आणि चार मुले ही अडचण होती, तिची आम्ही सोय करून घेतली. एकाने वस्तू हातात घेऊन मापे बोलायची, दुसऱ्याने वस्तू न पाहता नुसते ऐकून काढायचे. काढून झाले की वस्तू शेजारी ठेवून ताडून पाहायचे. बोलणारा एक माप विसरला तर काढणारा अडतो, आणि कोणते माप द्यावेच लागते हे दोघांच्याही ध्यानात येते.

या साऱ्यात खरे शिक्षक ठरले ते टर्नर काका. त्यांना संगणक चालू करता येत नाही. मुलांनी छापून दिलेला कागद ते चष्मा कपाळावर चढवून पाहत आणि विचारत, "पोरी, हे भोक कुठनं मारू? कडेपासनं किती, ते लिवलंच न्हाई." एकदा भाचीने एका ठोकळ्यात चौकोनी खाच काढली, आतले कोपरे अगदी काटकोनात. काका म्हणाले, "हे काढलंस झकास, पर ही खाच मशीनवर मारायची कशी? कटर गोल असतो." दहा मिलिमीटरचा कटर फिरला की आतल्या कोपऱ्यात पाच मिलिमीटरची गोलाई उरतेच. संगणक हे सांगत नाही. तो काटकोन मुकाट्याने काढून देतो. तसेच '२० एच ७' या खुणेचे. त्याचा अर्थ भोक २०.००० ते २०.०२१ मिलिमीटरच्या आतच हवे. मुलांनी ते व्हर्निअरने मोजायला घेतले तेव्हा काका हसले. व्हर्निअर मुळी ०.०२ च्या खालचे दाखवीतच नाही. त्याने ही तपासणी कशी होणार? पासष्ट हजारांच्या त्या माहितीपत्रकात या तिन्ही गोष्टींचा उल्लेख नव्हता. आणि हे गृहस्थ निवृत्तीनंतर सहा वर्षे संध्याकाळी पारावर बसून होते, त्यांना कोणी काही विचारले नव्हते. आपल्या प्रत्येक वस्तीत असा एखादा फिटर, टर्नर, गवंडी, सुतार आहे. वाचकांनी पाहावे.

मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरही फुकट मिळतात असे मुले ऐकून येतात. मिळतात, पण अटी वाचाव्यात. ऑटोकॅड बनविणारी ऑटोडेस्क कंपनी शिक्षण चालू असलेल्या विद्यार्थ्यांना एक वर्षाचा परवाना मोफत देते, वर्षावर्षाला नवा करून मिळतो. मात्र संस्थेत शिकत असल्याचा पुरावा द्यावा लागतो आणि त्यावर पैशाचे काम करता येत नाही. ज्यांची मुले आज डिप्लोमाला किंवा पदवीला आहेत त्यांनी हा परवाना आजच घ्यावा, निकाल लागल्यावर हे दार बंद होते. भाचीच्या बाबतीत ते बंद झालेले होते. त्याच कंपनीचे फ्यूजन घरगुती वापरासाठी मोफत आहे; एका वेळी दहाच कामे उघडी ठेवता येतात. ऑनशेप हे सॉफ्टवेअर संगणकात भरावे लागत नाही, ब्राउझरमध्येच चालते. पण मोफत खात्यातले काम सगळ्या जगाला दिसते. सरावाला हरकत नाही, एखाद्या कारखान्याचा भाग त्यावर काढू नये. लहान मुलांना टिंकरकॅड द्यावे, खेळता खेळता हात वळतो.

आणि पेन ड्राइव्हवरून फिरणारे चोरीचे सॉफ्टवेअर? 'सगळेच वापरतात' असे आम्हाला तोंडावर सांगण्यात आले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ६३-बी आहे. अशी नक्कल जाणूनबुजून वापरल्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड त्यात सांगितला आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळू शकते. शिवाय त्या पेन ड्राइव्हबरोबर व्हायरस येतो. कायदा मोडल्याचा ठपका आला तर तो मालकावर येण्याआधी आपल्या मुलांवर येतो, एवढा अनुभव आपल्या समाजाला आहे. अभ्यासिकेत ते चालणार नाही असे आम्ही फळ्यावर लिहून ठेवले आहे.

मोफत सॉफ्टवेअरची एक अडचण प्रांजळपणे सांगितली पाहिजे. ऑटोकॅडच्या डीडब्ल्यूजी नावाच्या फायली लिब्रेकॅडमध्ये नीट उघडतीलच असे नाही, फ्रीकॅडला त्यासाठी वेगळा रूपांतरक जोडावा लागतो. पाठविणाऱ्याकडून डीएक्सएफ स्वरूपात फाइल मागून घ्यावी. लेझर कटिंगवालेही तीच मागतात. तीन मितींच्या भागासाठी स्टेप हे आंतरराष्ट्रीय मानकाचे स्वरूप आहे, ते बहुतेक सर्व सॉफ्टवेअरमध्ये उघडते.

आता जो मुलगा सुटला त्याच्याविषयी. चौघांत सर्वांत तल्लख तोच होता, आयटीआय फिटर. दुसऱ्याला तास लागणारे काम पाऊण तासात उरकायचा. नोव्हेंबरात त्याच्या वडिलांचे चाकणचे कंत्राटी काम सुटले आणि तो दुचाकीवर घरपोच मालाच्या कामाला लागला. रात्री अकराला येतो. आम्ही त्याच्या घरी दोनदा गेलो. रविवारी दोन तास तरी ये, म्हटले. "काका, रविवारीच जास्त पैसे मिळतात," एवढेच तो म्हणाला. याच्यावर उत्तर आमच्या वहीत नाही. सॉफ्टवेअर शून्य रुपयांत आणले, तरी दिवसाचे दोन तास आठ महिने मोकळे ठेवायला घरात कोणाचा तरी पगार चालू असावा लागतो. त्याच्या वाट्याचे २,२१० रुपये परत करण्याचा ठराव मांडला, त्याने घेतले नाहीत.

भाचीचेही तास सुखासुखी मिळाले नाहीत. संध्याकाळी सात ते नऊ ही स्वयंपाकाची वेळ. आमच्या सहचारिणीने बहिणीला स्पष्ट सांगितले की चार दिवस तिच्या हातच्या भाकरी होणार नाहीत असे समजा. बहिणीने ते मान्य केले; दाजींनी आठ-पंधरा दिवस कुरकुर केली, नंतर तेच परतीच्या वेळी अभ्यासिकेच्या दाराशी येऊन थांबू लागले. हजेरीपटावर तिचे २१० तास भरले.

२०२५ च्या एप्रिलमध्ये तिला एका छोट्या कारखान्याचे बोलावणे आले. तोंडी प्रश्न काहीच नाहीत. झिजलेला एक ब्रॅकेट तिच्या हातात दिला आणि दोन तासांत नकाशा द्या म्हणाले. तिथले सॉफ्टवेअर निराळे, तिने कधी न पाहिलेले. तिने आज्ञा कुठे कुठे आहेत ते पाहायला दहा मिनिटे मागून घेतली. माणसे तीच होती, म्हणाली, कपडे वेगळे. मालकाने कागद पाहून विचारले की खाचेच्या कोपऱ्याला पाचची गोलाई तू का दाखवलीस. तिने कटरचे सांगितले. त्यांनी प्रमाणपत्र पाहायला मागितले ते डिप्लोमाचे. कॅडचे मागितलेच नाही. शिकाऊ म्हणून चौदा हजारांवर घेतले. पगार मोठा नाही, हे आम्हालाही कळते. बहिणीचे कानातले मात्र कानातच आहे आणि बचत गटाचा हप्ता नाही.

बारावी झालेला दुसरा मुलगा एका लेझर कटिंगवाल्याला अधूनमधून डीएक्सएफ करून देतो, कामामागे शंभर-दीडशे मिळतात. सगळे त्यालाच मिळतील असे नाही.

दहावीतली मुलगी आता अकरावीला आहे. तिने गेल्या महिन्यात आमच्या इमारतीचा जिना मोजला. राहत्या इमारतीत पायरीची उंची १९० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि पाऊल ठेवायची जागा २५० पेक्षा कमी नसावी असे राष्ट्रीय इमारत संहितेत आहे. आमच्या जिन्यात एक पायरी १७० ची, तिच्या वरची १८५ ची आणि वळणावरची २१५ ची निघाली; वळणावर म्हातारी माणसे का अडखळतात ते लिब्रेकॅडच्या कागदावर मापासह दिसले. दुरुस्तीसाठी आलेल्या कंत्राटदाराने अंदाजपत्रक नुसते तोंडी सांगितले होते. आता त्याला नकाशावर आकडे लिहून मागितले आहेत. नकाशाच्या तीन प्रती छापल्या: एक त्याला, एक सोसायटीच्या चिटणिसांना, एक अभ्यासिकेच्या फळ्यावर. छपाईचे तीस रुपये खर्ची टाकले आहेत.